परवाना दाखवा, मगच बोला!

इंटरनेटवर सदस्यत्व घेताना कुणी कोणतेही नाव धारण करावे, त्याला सहसा आडकाठी नसते. हौशी रेडिओचालकांच्या, अर्थात ‘हॅम’ मंडळींच्या ‘एकोलिंक’ या जाळ्यात मात्र ही मुभा नाही. अमेरिकेतील जोनाथन टेलर यांनी २००२ साली आणलेल्या या प्रणालीत सदस्याची ओळख एकच : सरकारने परवान्यासोबत दिलेले संकेतनाम, म्हणजे ‘कॉल साइन’. भारतात ते बहुधा ‘व्हीयू’ या अक्षरांनी सुरू होते. पुढचा २ हा आकडा सर्वसाधारण श्रेणी दर्शवितो, तर ३ मर्यादित श्रेणी.

या कडकपणाला कारण आहे. संगणकासमोर उच्चारलेला शब्द इंटरनेटमार्गे दूरदेशीच्या रिपीटरपर्यंत, म्हणजे क्षीण संदेश पकडून तो अधिक शक्तीने पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रापर्यंत जातो आणि तेथून थेट रेडिओलहरींवर उमटतो. परवाना नसलेल्याला ही वाट मोकळी केली, तर बोलणार तो आणि जाब द्यावा लागणार रिपीटर सांभाळणाऱ्याला!

त्यामुळे प्रणाली संगणकावर उतरवून संकेतनाम, परवलीचा शब्द, ई-मेल, नाव व ठिकाण भरले, तरी काम संपत नाही. परवान्याची प्रत पाठवावी लागते. तिची पडताळणी झाल्यावरच प्रवेश मिळतो व नोड क्रमांक दिला जातो. केवळ संगणकावरून बोलणाऱ्याने ‘सिंगल यूजर’ हा पर्याय निवडावा. आपला रेडिओ संच जाळ्याला जोडणाऱ्याच्या संकेतनामापुढे ‘एल’, तर रिपीटर जोडणाऱ्याच्या ‘आर’ हे अक्षर लागते. आपला आवाज एका व्यक्तीच्या कानी पडणार की परिसरातील सर्व संचांवर, हे समोरच्याला त्यावरूनच कळते. ठिकाणाचा रकाना जगभर दिसतो. तेथे शहराचे नाव पुरे, घराचा पत्ता देण्याचे प्रयोजन नाही.

अर्थात, इंटरनेट खंडित झाले की ‘एकोलिंक’ही मुके होते. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर पोर्ट ब्लेअरमधील भारतीय हॅमनी निरोप पोहोचविले ते संच आणि अँटेनाच्या बळावर. नवागताने म्हणून संच अडगळीत टाकू नये.

नोंदणी पूर्ण होताच पहिली हाक ९९९९ या चाचणी केंद्राला द्यावी. ते आपलेच बोलणे परत ऐकवते. आवाज फाटत असेल, तर मायक्रोफोनची पातळी कमी करावी. काहीच ऐकू आले नाही, तर राउटरने ५१९८ व ५१९९ ही पोर्ट अडविली नाहीत ना, हे पाहावे.