आधी उपनगरांचं पाणी जातं

मुलुंडच्या एका रुग्णालयात मामी आयसीयूत होती तेव्हाची गोष्ट. भेटायला संध्याकाळची दहा मिनिटं मिळायची. आत गेलो तर एक सिस्टर मामीचं मनगट धरून गप्प उभी. डोक्यावरच्या मॉनिटरवर नाडीचा आकडा लुकलुकतोय, रक्तदाबही बरा दिसतोय. मी विचारलं, "सिस्टर, मशीन आहे ना? मग हाताने कशाला मोजताय?" तिने माझ्याकडे न बघता मोकळा हात वर केला. थांबा.

पूर्ण मिनिट गेलं. मग तिने मामीच्या बोटाचं नख दाबून सोडलं, चादर सारून गुडघे पाहिले, लघवीची पिशवी उजेडाकडे धरली आणि फोन उचलला. "सर, बेड सहा. रेस्पिरेशन अठ्ठावीस, मघाशी बावीस होतं. गुडघ्यांवर मॉटलिंग दिसतंय. येताय ना?"

मॉनिटरचा एकही अलार्म तोवर वाजला नव्हता.

ती नाडी मोजतच नव्हती, हे मला नंतर कळलं. मनगट धरणं हे निव्वळ नाटक! आपले श्वास कोणी मोजतंय असं कळलं की माणसाचा श्वास बदलतो. आता तुम्हीच बघा, हे वाक्य वाचताना तुमचाही बदलला असेल. म्हणून नर्सिंगच्या पहिल्या वर्षापासून शिकवतात की हात नाडीवर ठेवायचा आणि नजर छातीवर. घाईच्या वॉर्डात मात्र हेच मोजमाप सगळ्यात आधी बळी पडतं. रकान्यात सरसकट १८ नाहीतर २० लिहून मोकळं व्हायचं, ही जगभरची खोड आहे.

पण श्वासच का? जंतुसंसर्ग रक्तात भिनला की पेशींचं काम बिघडतं आणि रक्तात आम्ल साठू लागतं. ते बाहेर टाकायचा सर्वांत झटपट रस्ता फुप्फुसांतून जातो. सोड्याची बाटली आठवा. बूच उघडलं की वायू फसफसत निघून जातो आणि उरलेलं पाणी कमी आंबट लागतं. शरीर हेच करतं. भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड हाकलतं आणि रक्ताचा आंबटपणा आटोक्यात ठेवतं. श्वास वाढले म्हणजे फुप्फुसच बिघडलं असं नाही. कुठेतरी दूर आग लागलेली असते आणि धूर इथून निघत असतो.

मग रक्तदाब चांगला कसा? इथे तर थक्कच व्हायला होतं. रक्तपुरवठा अपुरा पडू लागला की शरीर पाणीकपात जाहीर करतं. आणि कपात आधी कुणाची? उपनगरांची! हृदय आणि मेंदू म्हणजे मुंबईचं टाउन, तिथलं प्रेशर कमी होऊ द्यायचं नाही. त्वचा, बोटं, गुडघे, आतडी, मूत्रपिंडं म्हणजे आपली अंधेरी, बोरिवली, घाटकोपर. तिकडच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणजे व्हॉल्व्ह फिरवले जातात. मुख्य जलवाहिनीतला दाब त्यामुळे छान टिकतो आणि मॉनिटर तोच दाखवतो. तिकडे गुडघ्यांवर मार्बलच्या लादीसारखी जांभळट नक्षी उमटायला लागते, तेच सिस्टरचं 'मॉटलिंग', बोटं गार पडतात. साठ किलोच्या माणसाला तासाला निदान ३० मिली लघवी व्हायला हवी. म्हणजे जेमतेम दोन मोठे चमचे, पण तेवढीही होत नाही. जलवाहिनीचा दाब पडेपर्यंत थांबलं तर बराच उशीर झालेला असतो. आपली सिस्टर उपनगरांतल्या नळांना हात लावून बघत होती.

आणि ते नख? दाबलं की पांढरं पडतं, सोडलं की गुलाबी होतं. त्याला तीन सेकंदांहून जास्त वेळ लागला तर गडबड आहे. २०१९ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या पाच देशांतल्या २८ रुग्णालयांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. शॉकमधल्या, म्हणजे रक्तपुरवठा कोलमडलेल्या, ४२४ रुग्णांपैकी निम्म्यांचे उपचार रक्तातलं लॅक्टेट (साठलेल्या आम्लाची खूण) तपासत केले, निम्म्यांचे दर अर्ध्या तासाने बोटाचं टोक काचेच्या पट्टीने दाबून बघत. बोटाच्या गटात मृत्यू थोडे कमीच झाले. फरक योगायोगाने पडावा इतपतच होता, त्यामुळे 'बोट जिंकलं' असं म्हणता येणार नाही. पण एकीकडे प्रयोगशाळा आणि दुसरीकडे काचेची पट्टी नि सेकंदकाटा, आणि सामना असा अटीतटीचा व्हावा?

तुम्ही म्हणाल, हे सगळं अनुभवानं येतं. नजर येते, खरंच. वीस वर्षं ड्युटी केलेली इनचार्ज सिस्टर दारातूनच "हा पेशंट मला बरा वाटत नाही" म्हणते आणि तिचं बहुधा खरं ठरतं. पण काय बिघडलंय, का बिघडलंय, पुढच्या दहा मिनिटांत काय करायचं, हे नुसत्या नजरेला सांगता येत नाही. तिथे शिक्षण लागतं, आणि ते आपल्याकडे फार सावकाश आलं.

पुण्यात १९०९ मध्ये सेवासदन सुरू झालं. रमाबाई रानड्यांनी तिथल्या बायकांना ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं, तेव्हा लोक नाकं मुरडत होते. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय! देशात नर्सिंगची पदवी १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोरला आली. मुंबईत चर्चगेटला एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी कॉलेज ऑफ नर्सिंग १९६४ मध्ये निघालं. आज चार वर्षांचं बीएस्सी आणि त्यावर दोन वर्षांचं एमएस्सी करता येतं. पण एमएस्सीची एक गंमत आहे, खरं तर दुखणंच आहे. एमएस्सी झालेली सिस्टर बहुतेकदा कॉलेजात शिकवायला जाते. जितकं जास्त शिकावं तितकं खाटेपासून लांब! सर्वांत चांगल्या फलंदाजाला समालोचनाला बसवण्यासारखंच हे.

अमेरिकेत या प्रश्नाला दोन उत्तरं निघाली. १९५४ मध्ये हिल्डगार्ड पेप्लाउ यांनी रटगर्स विद्यापीठात मानसिक आजारांच्या नर्सिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, रुग्णाजवळच राहणाऱ्या तज्ज्ञ नर्सेस घडवण्यासाठी. १९६५ मध्ये कोलोरॅडोत लॉरेटा फोर्ड या नर्स आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ यांनी मिळून पहिला 'नर्स प्रॅक्टिशनर' अभ्यासक्रम काढला. फोर्डबाई २०२५ च्या जानेवारीत वारल्या, वयाच्या १०४ व्या वर्षी.

आपल्या भारतीय नर्सिंग परिषदेने २०१६-१७ मध्ये हीच कल्पना आयसीयूत आणली. नाव 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर', मुदत दोन वर्षं. प्रवेशासाठी बीएस्सी नर्सिंग आणि निदान वर्षभराचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव हवा. वर्गात बसून शिकणं किती? स्किल लॅब धरून फक्त २० टक्के. उरलेले ८० टक्के खाटेजवळ, डॉक्टर आणि ज्येष्ठ नर्स यांच्या हाताखाली, लॉगबुक भरत. डॉक्टर मंडळी रेसिडेन्सी करतात तशीच ही नर्सची रेसिडेन्सी. प्रगत विकृती-शरीरक्रियाशास्त्र, औषधशास्त्र, डोक्यापासून पायापर्यंत तपासणी, शिवाय प्रबंधही. शिकून बाहेर पडलेली नर्स डॉक्टरची जागा घेत नाही. ठरलेल्या प्रोटोकॉलच्या चौकटीत ती स्वतः निर्णय घेते आणि चौकटीबाहेर काही दिसलं की डॉक्टरला बोलावते.

या शिक्षणाचा एक नमुना सांगतो. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला एका श्वासात किती हवा द्यायची? माझा अंदाज होता, जाड्या माणसाला जास्त. साफ चूक. माणूस पन्नास किलोंवरून शंभर किलोंचा झाला तरी फुप्फुसं वाढत नाहीत, ती उंचीवर ठरतात. म्हणून शिकलेली नर्स वजनकाटा सोडून मोजपट्टी काढते, झोपलेल्या माणसाची डोक्यापासून टाचेपर्यंत लांबी घेते आणि सूत्रात घालते. १६५ सेंटिमीटरच्या पुरुषाचं हिशेबाचं वजन येतं सुमारे साडेएकसष्ट किलो. फुप्फुसांना गंभीर सूज असेल तर किलोमागे ६ मिली, म्हणजे साधारण ३७० मिली, कोल्ड्रिंकच्या कॅनपेक्षा थोडी जास्त. पूर्वी याच्या दुप्पट देत. २००० साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत हा दुप्पट फुगा टाळल्यावर मृत्यू सुमारे ४० टक्क्यांवरून ३१ वर आले. औषध नवं नव्हतं की यंत्र नवं नव्हतं. हवा कमी केली, बस्स.

शिक्षणाने खरंच माणसं वाचतात का, हेही कुणी मोजलंय? मोजलंय. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या नऊ देशांतल्या ३०० रुग्णालयांतले चार लाखांहून जास्त शस्त्रक्रियेचे रुग्ण तपासले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. पदवीधर नर्सेसचं प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल तिथे रुग्ण दगावण्याची शक्यता ७ टक्क्यांनी कमी आढळली. आणि दर नर्समागे एक रुग्ण वाढला की तीच शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली. हा नुसता संबंध आहे, कारण म्हणून सिद्ध झालेलं नाही. तरी दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. नर्सला शिकवायचं आणि मग तिच्या गळ्यात आठ-दहा रुग्ण बांधायचे, म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं.

आपल्याकडे गाडं अडलंय ते दुसऱ्याच ठिकाणी. अभ्यासक्रम आहे, पण शिकून आलेल्या सिस्टरसाठी बऱ्याच रुग्णालयांत त्या नावाचं पदच नाही. ती परत 'स्टाफ नर्स' म्हणून त्याच रांगेत उभी राहते. १९४७ चा परिषदेचा कायदा बदलून २०२३ मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आणि प्रसूतिसेवा आयोगाचा कायदा झाला. पण पद, पगार आणि अधिकार मिळाल्याशिवाय दोन वर्षं घाम गाळायला कोण येणार?

मामी अकराव्या दिवशी घरी आली. हल्ली पुन्हा घाटकोपरच्या बाजारात भाजीवाल्याशी घासाघीस करते.

आणि तुम्ही कधी आयसीयूत कुणाला भेटायला गेलात, आणि एखादी सिस्टर रुग्णाचं मनगट धरून गप्प उभी दिसली, तर माझ्यासारखं मध्येच काही विचारू नका. ती श्वास मोजतेय. एक मिनिट थांबा.