एका खाचेत चार दिशा
जुन्या चतुर्ध्वनी रेकॉर्डी घरी ऐकण्याची सिद्धता

धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गचा किल्ला आपल्यापैकी अनेकांनी सहलीच्या निमित्ताने पाहिला असेल. तेथील पाणीमहाल बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात आहे. पावसाळ्यात नदीला भरपूर पाणी आले की नर आणि मादी या नावांचे दोन धबधबे बंधाऱ्यावरून कोसळू लागतात. अशा वेळी महालात उभे राहून डोळे मिटून पाहा. पाण्याचा आवाज सगळीकडून येत असतो. तेवढ्यात मागून कोणी हाक मारली तर डोळे न उघडताही आपण बरोबर मागे वळतो.

हाच अनुभव ग्रामोफोनच्या रेकॉर्डमधून घरी घेता येईल का? १९७० नंतरच्या काही वर्षांत अनेक तंत्रज्ञांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. समोर दोन आणि मागे दोन अशा चार स्पीकरांमधून वाजणाऱ्या ‘क्वाड्रफोनिक’ म्हणजे चतुर्ध्वनी रेकॉर्डी त्यांतून निघाल्या. दशक संपण्यापूर्वीच त्या मागे पडल्या. आज अशी एखादी रेकॉर्ड जुन्या बाजारात, रद्दीवाल्याकडे किंवा परदेशी राहून आलेल्या नातेवाइकाच्या कपाटात सापडते. आपण ती साध्या यंत्रावर लावतो, दोन स्पीकरांतून गाणे ऐकतो आणि ठेवून देतो. तिच्यातल्या मागच्या दोन दिशा तशाच राहून जातात. काही जातींच्या रेकॉर्डींमध्ये तर चुकीच्या सुईने त्या दिशा खरवडून कायमच्या नाहीशा होऊ शकतात. म्हणून हे शास्त्र समजून घ्यायचे. शिवाय त्यात आठवी ते बारावीच्या पाठ्यक्रमातले पुष्कळसे भौतिकशास्त्र आणि बीजगणितही आपोआप येऊन जाते.

दोन कानांचे गणित

आपल्या दोन कानांमधले अंतर ढोबळमानाने २० सेंटीमीटर धरू. हवेतील ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर आहे. आवाज अगदी उजवीकडून आला, तर डाव्या कानाशी तो ०.२ ÷ ३४० म्हणजे जवळजवळ ०.०००६ सेकंद उशिरा पोहोचतो. एवढासा फरक मेंदू ओळखतो आणि त्यावरून दिशा ठरवतो. डोक्याच्या आडोशामुळे दूरच्या कानाला आवाज थोडा मंदही ऐकू येतो, त्याचीही मदत होते.

वर्गात हे सहज दाखवता येईल. दीड मीटर लांबीची रबरी नळी घ्या. तिची दोन टोके एका विद्यार्थ्याच्या दोन कानांजवळ धरा. कानात खुपसू नका. नळी त्याच्या पाठीमागे राहू द्या. तिच्या बरोबर मध्यावर खूण करून पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. मग खुणेपासून एक-एक सेंटीमीटर सरकत टिचक्या मारा आणि आवाज कोणत्या बाजूने आला ते त्याला विचारा. टिचकी १ सेंटीमीटर सरकली की दोन वाटांमध्ये २ सेंटीमीटरचा फरक पडतो, म्हणजे वेळेत सुमारे ०.००००६ सेकंदाचा. किती सेंटीमीटरवर उत्तर बरोबर येऊ लागते याचा तक्ता मुलांनीच करावा.

आता एक अडचण पाहा. आवाज अगदी समोरून किंवा अगदी मागून आला, तर दोन्ही कानांशी तो एकाच वेळी पोहोचतो. तिथे वेळेचे गणित उपयोगी पडत नाही. कानाच्या पाळीचा आकार आणि मान किंचित हलवण्याची आपली सवय, यांच्या आधाराने आपण पुढचे-मागचे ठरवतो. समोरचे दोन स्पीकर डावे-उजवे उत्तम दाखवतात, पण मागची बाजू खात्रीने दाखवायची तर मागे खरोखरच स्पीकर ठेवावे लागतात, ते यामुळेच.

खाचेच्या दोन भिंती

स्टिरिओ रेकॉर्डवरची खाच इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराची असते. तिच्या दोन्ही भिंती पृष्ठभागाशी ४५ अंशांचा कोन करतात. तबकडीच्या मध्याकडील भिंतीवर डावा ध्वनी आणि कडेकडील भिंतीवर उजवा ध्वनी कोरलेला असतो. एकाच सुईने दोन ध्वनी वाचण्याची ही युक्ती ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली पेटंटसाठी मांडली. बाजारात स्टिरिओ रेकॉर्डी यायला मात्र १९५७-५८ साल उजाडले.

यात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. डाव्या-उजव्या ध्वनीत जे सारखे असते, म्हणजे मधोमध उभ्या गायकाचा आवाज, त्याने सुई आडवी हलते. दोहोंत जे परस्परविरुद्ध असते त्याने सुई वर-खाली हलते. म्हणजेच आडवी हालचाल ही बेरीज (डा + उ) आणि उभी हालचाल ही वजाबाकी (डा − उ) होय. हे वाक्य लक्षात ठेवा. पुढची सारी करामत यावरच आहे.

दोन समीकरणे, चार अज्ञाते

भिंती दोन आणि ध्वनी चार. ते बसवायचे कसे? दोन वाटा त्या काळी मुख्यतः चोखाळल्या गेल्या.

पहिली वाट ‘मॅट्रिक्स’ची. अमेरिकेच्या सीबीएस कंपनीची एसक्यू आणि जपानच्या सान्सुईची क्यूएस या पद्धती या जातीच्या. चार ध्वनी ठरावीक प्रमाणात आणि ठरावीक कलेने दोनांत मिसळायचे आणि वाजवताना पुन्हा वेगळे करायचे. पण मुले लगेच विचारतील, की समीकरणे दोन आणि अज्ञाते चार असताना उकल मिळेल कशी? शंका अगदी रास्त आहे. पूर्ण उकल मिळतच नाही. साध्या डिकोडरमध्ये एका स्पीकरसाठीचा आवाज शेजारच्या स्पीकरांतही झिरपतो, बऱ्याचदा फक्त ३ डेसिबल कमी, म्हणजे निम्म्या शक्तीने. पुढे ‘लॉजिक’ मंडले आली. या क्षणी कोणत्या दिशेचा आवाज प्रबळ आहे ते ओळखून ती बाकीच्या दिशा दाबून टाकतात. पिंक फ्लॉइड या इंग्रज वादकसंघाच्या १९७३ सालच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’ची एसक्यू आवृत्ती निघाली होती, ती याच वाटेवरची.

दुसरी वाट जपानच्या जेव्हीसीची, सीडी-४ नावाची. इथे प्रत्येक भिंतीवर त्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या ध्वनींची बेरीज (पु + मा) नेहमीसारखी कोरलेली असते. त्याशिवाय ३० किलोहर्ट्झचा एक वाहक तरंग असतो आणि त्यावर वजाबाकी (पु − मा) स्वार केलेली असते, जशी एफएम रेडिओत असते. आपल्या कानांची मर्यादा साधारण २० किलोहर्ट्झची, त्यामुळे हा वाहक ऐकू येत नाही. डिमॉड्युलेटर मात्र तो वाचतो आणि सातवी-आठवीतले गणित करतो:

(पु + मा) + (पु − मा) = २ पु
(पु + मा) − (पु − मा) = २ मा

दोन भिंतींवर मिळून समीकरणे चार झाली, म्हणून उकलही पूर्ण मिळते. पण याची किंमत मोजावी लागते. वाहकाभोवतीचा पट्टा साधारण १८ ते ४५ किलोहर्ट्झपर्यंत पसरतो. इतक्या बारीक नागमोडी वळणांत साधी गोल टोकाची सुई शिरत नाही. ती वळणे खरवडत जाते. जड, झिजलेल्या सुईने अशी रेकॉर्ड वारंवार वाजवली, तर गाणे ऐकू येत राहते आणि मागच्या दिशा मात्र पुसल्या जातात. यासाठीच जेव्हीसीच्या नोरिओ शिबाता यांनी भिंतीला उभ्या रेषेत अधिक लांबवर टेकणारी सुई बनवली. ती आजही शिबाता सुई म्हणूनच ओळखली जाते.

तेव्हा जुनी रेकॉर्ड हाती आली की प्रथम वेष्टण नीट वाचा. त्यावर सीडी-४ किंवा क्वाड्राडिस्क अशी खूण असेल, तर योग्य सुई मिळेपर्यंत ती वाजवू नका.

घरची जुळणी

आता प्रत्यक्ष काम. सर्वांत स्वस्त जुळणी अमेरिकन अभियंता डेव्हिड हाफलर यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. तिला डिकोडर लागत नाही. साहित्य असे: चांगल्या सुईचा रेकॉर्ड प्लेअर, फोनो प्रीॲम्प्लिफायर, स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि ८ ओहमचे चार स्पीकर. फोनो प्रीॲम्प्लिफायर गाळू नका. रेकॉर्ड कोरताना खर्ज कमी आणि तीव्र स्वर जास्त केलेले असतात. ते मूळपदावर आणण्याचे काम तो करतो.

पुढचे दोन स्पीकर नेहमीप्रमाणे जोडा. मागच्या डाव्या स्पीकरचे तांबडे टोक ॲम्प्लिफायरच्या डाव्या तांबड्या टोकाला आणि मागच्या उजव्याचे तांबडे टोक उजव्या तांबड्याला जोडा. मागच्या दोन्ही स्पीकरांची काळी टोके फक्त एकमेकांना जोडा. ॲम्प्लिफायरच्या काळ्या टोकांना नाही. झाले! मागे आता फक्त वजाबाकी (डा − उ) वाजेल.

पण त्याआधी दोन गोष्टी तपासा. ॲम्प्लिफायर बंद करून, प्लग काढून, त्याच्या दोन्ही काळ्या टोकांमधला रोध मल्टीमीटरने मोजा. तो जवळजवळ शून्य नसेल, तर ही जोडणी त्या ॲम्प्लिफायरवर करू नका, तो जळू शकतो. आज मिळणाऱ्या अनेक छोट्या बोर्डांची रचना ‘ब्रिज’ पद्धतीची असते, ते यासाठी चालत नाहीत. दुसरे म्हणजे ॲम्प्लिफायरला ४ ओहमचा भार चालला पाहिजे. कारण असे की डावा-उजवा संदेश पूर्ण विरुद्ध असला, तर मागच्या दोन स्पीकरांच्या सांध्यावरचा विद्युतदाब शून्य राहतो. त्यामुळे प्रत्येक बाजूला पुढचा ८ ओहम आणि मागचा ८ ओहम समांतर जोडल्यासारखे होतात. समांतर जोडणीचे सूत्र वापरून उत्तर ४ का येते ते मुलांकडून काढून घ्या. ॲम्प्लिफायरची पेटी मात्र विद्यार्थ्यांना उघडू देऊ नये.

दहा बाय बाराची खोलीही पुरते. समोरचे दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण करा. मागचे दोन कानांच्या उंचीवर, थोडे भिंतीकडे तोंड करून ठेवा.

परीक्षा

प्रथम जुन्या हिंदी किंवा मराठी गाण्यांची मोनो रेकॉर्ड लावा. मागच्या स्पीकरांतून गाणे जवळजवळ ऐकूच येणार नाही, फक्त चरचर आणि टकटक ऐकू येईल. जोडणी बिघडली असे समजू नका. मोनो रेकॉर्डमध्ये सुई फक्त आडवी हलते, म्हणून वजाबाकी शून्य होते. धुळीचे कण आणि ओरखडे मात्र सुईला वर-खालीही उडवतात आणि तेवढेच मागे वाजते. बेरीज-वजाबाकीचे याहून बोलके प्रात्यक्षिक क्वचितच मिळेल. गाणे मागेही ठणठणीत वाजत असेल, तर एका बाजूची तार उलटी जोडली गेली आहे किंवा दोन बाजूंचा आवाज समान नाही.

नंतर एखाद्या मैफलीची स्टिरिओ रेकॉर्ड लावा. मधोमध असलेला गायक समोरच राहील. सभागृहाचा घुमारा आणि टाळ्या मागे सरकतील. क्यूएस जातीच्या रेकॉर्डवर या जोडणीचा परिणाम बरा येतो. एसक्यूमध्ये मागचे ध्वनी ९० अंशांच्या कलाफरकाने मिसळलेले असतात, ते साध्या वजाबाकीने सुटत नाहीत. त्यासाठी एसक्यूचाच डिकोडर हवा. सीडी-४ला तर डिमॉड्युलेटर आणि शिबातासारखी सुई दोन्ही लागतात.

दुसरा सोपा मार्गही आहे. चार ध्वनी दोनांत मिसळण्याची ही कल्पना रेकॉर्डींबरोबर संपली नाही. डॉल्बी कंपनीने ती चित्रपटांत नेली आणि १९७७च्या ‘स्टार वॉर्स’नंतर ती जगभर पसरली. डॉल्बी प्रो लॉजिक २ हे घरगुती मंडल जिम फॉसगेट यांनी रचले. चतुर्ध्वनी रेकॉर्डींच्या डिकोडरांवरही त्यांनी काम केलेले होते. हे मंडल असलेला जुना होम थिएटर ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात मिळाला, तर क्यूएस रेकॉर्ड त्यावर ढोबळमानाने चांगली उलगडते.

जतन

आपल्याकडचा उन्हाळा आणि पत्र्याचे छप्पर हे रेकॉर्डीचे मोठे शत्रू. रेकॉर्डी उभ्या ठेवा. एकावर एक रचल्या तर त्या वाकतात. धूळ पुसायला मऊ कापड आणि डिस्टिल्ड पाणी वापरा आणि खाचेच्या दिशेनेच, गोलाकार पुसा. लाखेच्या जुन्या ७८ गतीच्या तबकड्यांना स्पिरिट मुळीच लावू नका. ते लाख विरघळवते.

शक्य असल्यास रेकॉर्ड संगणकावर उतरवून ठेवा. एसक्यू आणि क्यूएससाठी नेहमीचे ४४.१ किलोहर्ट्झचे नमुनाग्रहण पुरते. दोन्ही बाजू जशाच्या तशा उतरल्या की उलगडा नंतर केव्हाही करता येतो. सीडी-४साठी मात्र ४५ किलोहर्ट्झपर्यंतचे तरंग पकडायचे असतात. नमुन्यांची संख्या सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून अधिक हवी, हा नियम लावला तर किमान ९६ किलोहर्ट्झ लागतील. तेथपर्यंतचे तरंग प्रीॲम्प्लिफायरनेही गाळता कामा नयेत.

सहलीहून परतल्यावर एखाद्या शनिवारी ही जुळणी शाळेत करून पाहा. नळी, मोनो रेकॉर्ड आणि मल्टीमीटर एवढ्यावर दोन तासिका आनंदात जातील. आणि गावातल्या एखाद्या घरातून कोणी विद्यार्थी चार स्पीकरांची खूण असलेली रेकॉर्ड घेऊन आला, तर ती लावण्यापूर्वी सुई तपासायची हे तोच तुम्हाला सांगेल.