चेंज रिपोर्ट

गेल्या पावसाळ्यात आमच्या वस्तीतील बुद्धविहाराचे पत्रे गळू लागले, तेव्हा आम्हाला कळले की विहाराच्या नावावर बँकेत पैसे आहेत, पण ते काढता येत नाहीत. खात्यावर सह्या करणारे तिघेही आज हयात नाहीत. धर्मादाय आयुक्त कार्यालयातील नोंद काढून पाहिली, तर नऊ विश्वस्तांपैकी पाच दिवंगत, एक कायमचे गावी गेलेले आणि उरलेले तिघे पंच्याहत्तरीच्या पुढचे. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत बदल अर्ज द्यावा, असे कायदा सांगतो. आपण सारे त्याला चेंज रिपोर्ट म्हणतो. आमच्या मंडळाने १९९४ नंतर तो दिलेलाच नाही. १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरचा कार्यक्रम मात्र एकदाही चुकलेला नाही!

ही केवळ आमच्या वस्तीची कथा आहे असे आम्हाला वाटत नाही. घटना बदलू या, बैठकीची वेळ बदलू या, असा विषय कुणी काढला की आमच्यातले जुने कार्यकर्ते लगेच म्हणतात, 'संस्था बाबासाहेबांच्या नावाने आहे, तिला हात लावायचा नाही.' त्यांच्या निष्ठेबद्दल आम्हाला शंका नाही. पण खुद्द बाबासाहेबांनी आपल्या संस्थांना किती वेळा हात लावला, हे जरा आठवून पाहावे.

१९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिचे अध्यक्ष होते सर चिमणलाल सेटलवाड. वसतिगृहे, वाचनालये चालवायची तर पैसा आणि वजन असलेली माणसे हवीत, म्हणून ती रचना तशी होती. १९२७ला महाड घडले. आता समाज स्वतः रस्त्यावर उतरला होता. त्याच वर्षी समता सैनिक दल उभे राहिले आणि १९२८ला हितकारिणी सभा बंद करून शिक्षणाचे काम स्वतंत्र मंडळाकडे देण्यात आले. पुढे १९४५ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी आली. १९३६ला स्वतंत्र मजूर पक्ष निघाला तो गिरणी कामगार आणि कोकणातील खोतीखाली भरडलेली कुळे डोळ्यांपुढे ठेवून. ७ नोव्हेंबर १९३८चा संप त्याच पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने केला. १९४२ला क्रिप्स आले. देशाच्या सत्तेची बोलणी जमातवार होऊ लागली, त्यात मुंबई प्रांतापुरत्या मजूर पक्षाला कोण विचारणार? जुलै महिन्यात नागपूरला शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन जन्माला आले. आणि १९५६ला, फेडरेशनही आता अपुरे पडते, सर्वांना सामावणारा पक्ष हवा, या निर्णयावर ते आले होते. तो पक्ष ऑक्टोबर १९५७ला नागपुरात स्थापन झाला, तो पाहायला ते नव्हते. पुढे त्या पक्षाचे काय झाले ते वाचकांना ठाऊक आहे, इथे उगाळत नाही. वृत्तपत्रांचेही तसेच. मूकनायक, बहिष्कृत भारत, समता, जनता, प्रबुद्ध भारत. छत्तीस वर्षांत पाच नावे.

यात धरसोड नव्हती. एक संस्था मिटली तेव्हा तिचे काम दुसरीच्या हाती गेले, वसतिगृहातली मुले उघड्यावर आली नाहीत. बाबासाहेब प्रत्येक वेळी आधी माणसे पाहत होते: आज आपल्याबरोबर कोण आहे, तो काय काम करतो, त्याच्या अंगावर कोणते संकट आहे? रचना त्यानंतर ठरत होती.

कांशीराम यांचेही उदाहरण घ्यावे. १९७८ला बामसेफ झाली ती सरकारी कर्मचाऱ्यांची. सेवानियम त्यांना राजकारण करू देत नाहीत, म्हणून १९८१ला डीएस-फोर आणि १९८४ला पक्ष. कर्मचाऱ्यांच्या मर्यादा ओळखून वेगळे घर बांधले.

आता आमचे मंडळ पाहा. १९७२ साली ते ज्यांनी उभे केले ते रेल्वेच्या कारखान्यात, पोस्टात, महापालिकेत, गिरणीत होते. पगार ठरलेला, रविवारची सुट्टी ठरलेली. म्हणून बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहाला आणि वर्गणी पगाराच्या दिवशी. त्या काळाला ती व्यवस्था अगदी चोख होती. पण १९८२च्या संपानंतर गिरण्या गेल्या, १९९१ नंतर कायम नोकऱ्या आटत गेल्या. आज आमच्या गल्लीतली मुले सुरक्षारक्षक आहेत, हाउसकीपिंगला आहेत, मोटारसायकलवरून जेवण पोहोचवतात. बारा-बारा तासांची पाळी, ठेकेदार बदलला की नोकरी नवी. आमचे जुने सचिव, ज्यांना सगळे दादा म्हणतात, त्यांनी एकाला टोकले, 'तुम्हा पोरांना चळवळीचं काही पडलेलं नाही.' तो म्हणाला, 'दादा, रविवारीच जास्त ऑर्डरी असतात. रविवारी बसलो तर आठवड्याचा हप्ता बुडतो.' दादा गप्प झाले. आम्हीही झालो. पन्नास वर्षे आम्ही गैरहजेरी लिहीत होतो, वेळ कधी तपासली नव्हती.

आणि महिला? वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'चे वाचन त्या चालवतात, पौर्णिमेची वंदना त्यांच्यामुळे होते, विहार झाडतातही त्याच. नऊ विश्वस्तांत एकही महिला नव्हती. व्यासपीठावर पाऊण तास हारतुरे घेणारे आम्ही पुरुष आणि सतरंजीवर त्या. घटनेत कुठेही तसे लिहिलेले नाही. ती आमची सवय.

काहींना वाटते व्हॉट्सअॅप ग्रुप काढला म्हणजे संघटना आधुनिक झाली. पाचशे जणांचा ग्रुप आमचाही आहे. त्यात 'जय भीम' सकाळी सहापासून सुरू होतो, पण हिशेबाची वही कुणाकडे आहे हे विचारले की शांतता!

हे सारे आताच का लिहितो आहोत? कारण वस्तीत पुनर्विकासाची मोजणी सुरू झाली आहे. नव्या आराखड्यात विहाराला जागा किती, कोणत्या मजल्यावर, हे ठरताना समोरचा माणूस कागद मागणार. मृतांच्या नावाच्या कागदावर विहाराची बाजू कोण मांडणार? जमीन गेल्यावर निषेध सभा घेण्यात आम्ही तरबेज आहोत, पण तेव्हा उशीर झालेला असेल.

गेल्या महिन्यापासून बैठक बुधवारी रात्री दहाला होते. पहिल्या वेळी अकरा जण आले, दुसऱ्या वेळी सव्वीस. दोघे कामाच्या गणवेशातच होते. पाच दिवंगतांचे मृत्यूचे दाखले गोळा करायला सुरुवात झाली आहे, तीन मिळाले, दोघांच्या घरचे गाव सोडून गेलेत. नव्या नावांत चार महिला आहेत. दादांनी स्वतःचा राजीनामा स्वच्छ अक्षरात लिहून आणला आणि विचारले, 'तारीख कुठली टाकू? आजचीच ना?'