फौजेतून निवृत्त, शेतावर रुजू

अमेरिकी लष्कराच्या एम३५ ट्रकला किल्ली नाही. किल्लीचं भोकच नाही! ऐन धामधुमीत ती कुणाच्या खिशात राहिली हे शोधत कोण बसणार? खटका फिरवा, बटण दाबा, इंजिन सुरू. त्यामुळे लिलावात हा ट्रक घेणारा शहाणा माणूस आधी साखळी-कुलूप आणतो आणि स्टिअरिंग जखडून ठेवतो. बंद करायचीही वेगळी तऱ्हा. खटका उलटा फिरवून इंजिन थांबत नाही, इंधन तोडणारी मूठ ओढावी लागते.

हेडलाइट लावायचे? एक खटका धरून ठेवायचा, मग दुसरा फिरवायचा. चुकून उजेड पडून शत्रूला ठावठिकाणा कळू नये, म्हणून ही सोय. आता किराणा आणायला निघालेल्या शेतकऱ्यालाही रोज तीच कवायत.

१९५० च्या सुमारास आलेला हा ट्रक म्हणायला ‘अडीच टनी’. पण तो आकडा खाचखळग्यांतला. डांबरी रस्त्यावर पाच टनांपर्यंत ओझं चालतं. दहा टायर, तिन्ही अ‍ॅक्सलना ताकद, आणि खास किट लावलं तर सुमारे १.८ मीटर खोल पाण्यातून वाट. ड्रायव्हर छातीपर्यंत भिजेल, ट्रक निघून जाईल.

खरी गंमत याच ट्रकच्या एम३५ए२ या आवृत्तीच्या बॉनेटखाली आहे. ७.८ लिटरचं, सहा सिलिंडरचं हे इंजिन खाण्याच्या बाबतीत अजिबात नखरेल नाही. डिझेल, रॉकेल, विमानाचं जेट इंधन, अडीनडीला थोडं ऑइल मिसळलेलं पेट्रोलसुद्धा चालतं. इंधन पातळ आहे की जड हे पंपातला एक भाग आपला आपण ओळखतो आणि मात्रा कमीजास्त करतो. हे कळल्यावर हौशी मालक गप्प कसे बसतील? हॉटेलातलं तळणाचं तेल आणि गॅरेजमधलं जळकं ऑइल गाळून टाकीत ओतणारे कितीतरी आहेत. लिटरला जेमतेम चार किलोमीटर देणाऱ्या गाडीला फुकटचं इंधन गोडच लागणार. गाळण्यात आळस केला की मात्र फिल्टर तुंबतो आणि सगळी बचत तिथेच आटोपते.

टर्बो आहे, पण तो मुख्यतः धूर कमी करायला बसवलेला, ताकदीसाठी नव्हे. त्याच्या एका प्रकाराची शिट्टी लांबवर ऐकू जाते. शौकीन मुद्दाम तोच ‘व्हिसलर’ शोधतात. शेजाऱ्यांना कोण विचारतो?

या इंजिनात पिस्टनमधल्या खोलगट भागाच्या भिंतीवर इंधन फवारलं जातं. ही युक्ती जर्मनीच्या मान कंपनीची. आपला जबलपूरचा शक्तिमान ट्रकही मानच्याच परवान्यावर, १९५९ पासून बनू लागला. म्हणजे दोघांचं नातं चुलत-मावस काहीतरी निघतंच.

वीज २४ व्होल्टची. बाजारातला रेडिओ १२ चा. मग लोक दोनपैकी एकाच बॅटरीला वायर जोडतात. रेडिओ छान वाजतो, पण एक बॅटरी दमते, दुसरी जास्त चार्ज होते आणि थोड्याच दिवसांत दोन्ही बदलायची वेळ येते.

ब्रेकचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. हवेच्या जोराने हायड्रॉलिक ब्रेक दाबले जातात, पण सर्किट एकच. एक पाइप फुटला की सगळ्या चाकांचे ब्रेक गेले. रिकामा ट्रकच सहा टनांच्या घरात, पॉवर स्टिअरिंगचा पत्ता नाही. घेतल्या घेतल्या ब्रेकचे जुने पाइप बदलणं हाच या सौद्यातला सर्वांत मोलाचा खर्च, असं माझं ठाम मत.

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांची अग्निशमन दलं असे ट्रक वनखात्याच्या योजनेतून मिळवतात. रंग बदलतात, मागे पाण्याची टाकी ठेवतात, आणि रणगाड्यांमागे धावण्यासाठी बनलेली गाडी वणव्यामागे धावते.

ब्रिटनमधल्या विन कंपनीने तर दुसऱ्या महायुद्धानंतर रणगाडे ओढणारे सहा अमेरिकी पॅसिफिक ट्रॅक्टर घेतले, चिलखती केबिन काढून टाकल्या आणि पुढे कित्येक वर्षं त्यांच्याकडून वीजकेंद्रांचे अजस्र ट्रान्सफॉर्मर ओढून घेतले.

लिलाव जिंकला तरी अमेरिकेत ट्रक लगेच रस्त्यावर येत नाही. आधी ‘स्टँडर्ड फॉर्म ९७’ नावाचा सरकारी कागद हवा. त्याच्या जोरावर राज्याची नोंदणी मागायची. कागद यायला आठवडे लागतात, आणि नोंदणीचे नियम दर राज्याला वेगळे. तोवर कुंपणाआत हवं तेवढं फिरवा.