राजवाड्यापासून नर्मदेपर्यंत : माळव्यातील सायकल-प्रवासाचे मार्ग

इंदूर शहराच्या मध्यभागी उभा असलेला होळकरांचा सात मजली राजवाडा महाराष्ट्रीय वाचकांच्या परिचयाचा आहे. खालचे तीन मजले दगडी व वरचे चार लाकडी अशी त्याची रचना असून अठराव्या शतकाच्या मध्यास, सुभेदार मल्हारराव होळकर यांच्या काळात, त्याच्या बांधकामास आरंभ झाला. आगीने या वास्तूची वारंवार हानी केली. १९८४ साली लागलेल्या आगीनंतर तिचा जीर्णोद्धार करण्यात आला. इतिहासाच्या अभ्यासकांप्रमाणेच सायकलीवरून देशदर्शन करू इच्छिणाऱ्यांनाही हा राजवाडा सोयीचा आहे. येथून निघणाऱ्या रस्त्यांवर एका दिवसाच्या अंतरात तलाव, माळराने, धबधबे, घाट आणि नर्मदेचे खोरे असे सर्व काही आढळते. मात्र या प्रदेशाची ठेवण ध्यानात न घेता निघालेल्या प्रवाशाची फसगत होण्याचा संभव असतो.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. शहराच्या दक्षिणेस जमीन हळूहळू चढत विंध्य पर्वताच्या धारेपर्यंत जाते. हा चढ इतका सौम्य आहे की सायकलस्वारास तो पायांना जाणवतो, डोळ्यांना दिसत नाही. धारेपाशी मात्र पठार एकाएकी तुटते आणि समोर, पाचशे मीटरांहून अधिक खाली, निमाडचा उष्ण व सखल प्रदेश पसरलेला दिसतो. या धारेच्या उत्तरेस पडलेले पावसाचे पाणी खान, गंभीर, क्षिप्रा व चंबळ या नद्यांवाटे यमुनेस आणि पुढे गंगेस मिळते. दक्षिणेस पडलेले पाणी नर्मदेतून अरबी समुद्राकडे जाते.

पाण्याच्या या वाटणीचा सायकलस्वाराशी निकटचा संबंध आहे. पुण्याहून सिंहगडास जाणारा प्रवासी ताज्या दमाने चढ चढतो व थकल्यावर उतार उतरून घरी येतो. इंदुराहून नर्मदेकडे जाणाऱ्याची स्थिती नेमकी उलट असते. सकाळच्या थंड हवेत घाटाचा उतार त्यास विनासायास मिळतो. आणि परतताना, दुपारच्या उन्हात, पाय शिणलेले असताना, तोच घाट चढावा लागतो. सायकलस्वार, सायकल व सामान यांचे एकत्रित वजन ८५ किलोग्रॅम धरले, तर ते पाचशे मीटर वर नेण्यास शंभर वॅट शक्तीने सतत पायडल मारणाऱ्या मनुष्यास किमान सुमारे सत्तर मिनिटे लागतात. चाकांचे घर्षण, वारा व विसावा यांचा हिशेब यात धरलेला नाही. बहुतेक हौशी प्रवाशांनी या चढासाठी अडीच ते तीन तास राखून ठेवावेत, हे बरे.

तलावांची वाट

नवशिक्यांनी प्रथम पश्चिमेकडील सपाट वाट धरावी. राजवाड्यापासून धार रस्त्याने निघाल्यास थोड्याच वेळात सिरपूर तलाव लागतो. हा तलाव होळकर संस्थानाने विसाव्या शतकाच्या आरंभी तयार करविला. येथून हातोदच्या बाजूस वळून गंभीर नदीवरील यशवंतसागर जलाशय गाठता येतो. दुसरे यशवंतराव होळकर यांच्या कारकीर्दीत, १९३० नंतरच्या दशकात, इंदूरच्या पाणीपुरवठ्यासाठी हे धरण बांधण्यात आले. राजवाड्यापासून ते तीस किलोमीटरांच्या आत आहे. सिरपूर व यशवंतसागर या दोन्ही पाणथळ जागांचा समावेश २०२२ साली रामसर कराराच्या आंतरराष्ट्रीय यादीत झाला. यशवंतसागराच्या परिसरात सारस पक्ष्यांच्या जोड्या आढळतात. मनुष्याच्या उंचीचा हा पक्षी शेतात निर्भयपणे चरत असतो. तथापि छायाचित्रासाठी त्याच्या मागे धावू नये, आणि घरट्याच्या काळात तर दूरच राहावे.

या वाटेवर चढ नाहीत, पण दुसरी एक अडचण आहे. माळव्याची जमीन बेसाल्ट खडकापासून बनलेली काळी भारी जमीन होय. पाऊस पडताच तिचा चिकट राडा होतो आणि तो चाक व चिखलरोधक पत्रा यांच्यामध्ये भरून चाक फिरेनासे होते. डांबरी रस्ता सोडून बांधावरच्या पायवाटेने जलाशयाकडे उतरणाऱ्यास याचा अनुभव हमखास येतो. अशा वेळी सायकल ढकलण्यापेक्षा खांद्यावर घेणे सोपे. पाऊस संपून महिना लोटल्यावर हीच वाट अत्यंत सुखावह होते, कारण दोन्ही बाजूंस हरभरा व गहू यांची उगवती शेते असतात.

धारेवरील वाट

ज्यांना डोंगर पाहावयाचा आहे, पण घाट उतरून पुन्हा चढण्याची तयारी नाही, त्यांच्यासाठी महूची वाट उत्तम होय. सुमारे २५ किलोमीटरांवरील महू हे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे जन्मस्थान (१८९१). तेथील स्मारकास महाराष्ट्रातून दरवर्षी असंख्य लोक भेट देतात. महूपासून थोड्या अंतरावर पाताळपाणी येथे चोरल नदीचा धबधबा आहे. माळव्याच्या पठारावरील हे पाणी येथे कडा उतरते आणि गंगेकडे न जाता नर्मदेकडे वळते. वर सांगितलेली पाण्याची वाटणी डोळ्यांनी पाहावयाची असेल, तर याहून योग्य स्थळ नाही. पावसाळ्यात मात्र धबधब्याच्या माथ्यावरील खडकांवर उतरू नये. वरच्या बाजूस पाऊस झाला की येथे निरभ्र आकाशाखालीही लोंढा येतो. २०११ च्या जुलै महिन्यात सहलीस आलेली माणसे अशाच लोंढ्यात वाहून गेली व प्राणहानी झाली.

पाताळपाण्याच्या खाली कालाकुंडपर्यंत लोहमार्गाचा घाट आहे. दुसरे तुकोजीराव होळकर यांनी १८७० मध्ये इंग्रज सरकारास एक कोटी रुपये कर्जाऊ देऊन खांडवा–इंदूर लोहमार्ग करविला. संस्थानिकाने सरकारला कर्ज द्यावे, हा प्रकार त्या काळीही नवलाचाच होता.

महूहून दक्षिणेस मंडलेश्वराच्या रस्त्याने गेल्यास धारेवरच जाम दरवाजा लागतो. अहल्याबाई होळकर यांच्या काळात, १७९१ साली, तो बांधण्यात आला. त्या वेळी राजधानी महेश्वरास होती. ती इंदुरास आली १८१८ साली, मंदसोरच्या तहानंतर. म्हणजे निमाडातील राजधानी व माळव्यातील मुलूख यांना जोडणाऱ्या घाटाच्या माथ्यावर हे दगडी प्रवेशद्वार उभे आहे. इंदुराहून येथवरचे अंतर सुमारे पन्नास किलोमीटर असून, पहाटे निघणारा प्रवासी दरवाज्यातून निमाडचे दर्शन घेऊन सायंकाळच्या आत परतू शकतो. परतीचा रस्ता बहुतांशी उताराचा असल्याने ही सफर दिसते त्याहून सोपी आहे.

नर्मदेची वाट

जाम दरवाज्याखाली उतरणाऱ्याने दोन दिवसांचा बेत आखावा. पहिल्या दिवशी मंडलेश्वरावरून महेश्वर गाठावे. इंदुराहून हे अंतर सुमारे नव्वद किलोमीटर पडते. महेश्वरी मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सूर्योदयापूर्वी परत फिरावे, म्हणजे ऊन तापण्यापूर्वी घाटाचा पायथा हाती लागतो. निमाड माळव्याहून चांगलेच उष्ण आहे, ही गोष्ट इंदूरच्या गारव्यातून निघालेल्या प्रवाशाच्या लक्षात बहुधा उशिराच येते. घाटात दर वळणावर पाणी मिळेल असे समजू नये. माणशी तीन लिटर पाणी पायथ्याशीच भरून घ्यावे.

मंडलेश्वराजवळील जलूद येथून इंदूर शहरास नर्मदेचे पाणी पुरविले जाते. ही योजना १९७८ साली कार्यान्वित झाली. पाणी पंपांनी विंध्याच्या धारेवरील वांचू पॉइंटपर्यंत चढविले जाते व तेथून उताराने शहराकडे जाते. एक हजार लिटर पाणी पाचशे मीटर उचलण्यास, कोणतीही गळती वा घट नसली तरी, सव्वा युनिटाहून अधिक वीज लागते. घाटात थांबून बाटलीतील शेवटचा घोट घेणाऱ्या सायकलस्वारास या आकड्याचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही.

दुसरा मार्ग सिमरोल, चोरल व बडवाह या गावांवरून ओंकारेश्वरास जातो. रस्ता रम्य असला तरी त्यावर मालमोटारींची वर्दळ मोठी आहे, आणि रुंदीकरणाचे व बोगद्यांचे कामही गेल्या काही वर्षांत हाती घेण्यात आले आहे. एकट्याने प्रथमच निघणाऱ्यास हा रस्ता सुचविता येत नाही. मानपूरच्या पुढील आग्रा–मुंबई मार्गावरील घाटासही हेच लागू पडते. ओंकारेश्वरी नर्मदा परिक्रमेस निघणाऱ्या महाराष्ट्रीय यात्रेकरूंची सतत ये-जा असते, त्यामुळे धर्मशाळांची व साध्या भोजनाची उणीव भासत नाही. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाचे भक्तनिवासही तेथे आहे.

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचा काळ या सर्व वाटांना अनुकूल असतो. गिअरची सायकल असल्यास उत्तम. साधी काळी सायकल चालेल, पण घाटात ती चालवण्यापेक्षा ढकलण्याचीच तयारी ठेवावी. निघण्यापूर्वी ब्रेकचे रबर तपासावे. लांब उतारावर एकच ब्रेक सतत दाबून धरल्यास चाकाची कड तापते, म्हणून दोन्ही ब्रेक आळीपाळीने, थोडे थोडे वापरावेत. बाभळीच्या काट्यांनी ट्यूब हटकून पंक्चर होते, यास्तव पंप, ठिगळे, सोल्यूशन व एक जादा ट्यूब जवळ बाळगावी. पूर्वी थकलेला प्रवासी ओंकारेश्वर रोड स्थानकावर मीटरगेज गाडी पकडून महूस परतू शकत असे. रुंदीकरणासाठी ती सेवा २०२३ च्या आरंभी बंद झाली. आता बडवाह किंवा मंडलेश्वर येथून टपावर सामान घेणारी बस मिळते का, याची चौकशी पहिल्याच दिवशी, जाताना, करून ठेवावी.