अरामी कागद आणि त्यांचें नवें दप्तर

नील नदीच्या पात्रांत, असवान शहरासमोर, एलिफंटाईन नांवाचें एक लहानसें बेट आहे. इसवी सनापूर्वीं पांचव्या शतकांत, मिसर देश इराणी बादशहांच्या अंमलाखालीं असतांना, या बेटावर यहुदी शिपायांचें ठाणें होतें. राजा इराणी, शिपाई यहुदी आणि शेजारपाजार मिसरी. परंतु कर्ज, लग्न, घरांची देवघेव यांचे कागद लिहिले जात ते अरामी भाषेंत. मूळची सिरियाकडील ही भाषा इराणी साम्राज्याच्या दप्तराची भाषा होऊन बसली होती. पूर्वेकडे तिचा पसारा केवढा होता पाहा: ज्या अशोकाच्या आज्ञेचा एक तुकडा 1882 सालीं मुंबईजवळच्या सोपारा येथें मिळाला, त्याच अशोकाचा ग्रीक व अरामी अशा दोन भाषांतील लेख 1958 सालीं कंदाहारला सांपडला.

एलिफंटाईनचे कागद म्हणजे पपायरसाच्या गुंडाळ्या. कोरड्या हवेमुळें त्या टिकल्या, आणि माणसांच्या हौसेमुळें चहूंकडे विखुरल्या. कांहीं 1904 सालीं असवान येथें विकल्या गेल्या. त्यांतील बहुतेक कैरोच्या संग्रहालयांत आहेत. 1906 ते 1908 या काळांत जर्मनांनीं उत्खनन केलें, त्यांतला मोठा वांटा बर्लिनला गेला. चार्ल्स विल्बर या अमेरिकन गृहस्थानें तर 1893 सालींच कांहीं गुंडाळ्या विकत घेतल्या होत्या. त्या त्याच्या पेटींत अर्धशतक तशाच पडून राहिल्या, आणि मुलीच्या मृत्युपत्रान्वयें 1947 सालीं ब्रुकलिनच्या संग्रहालयास मिळाल्या.

या वाटणीनें काय होतें तें एका उदाहरणावरून कळेल. जक्कूरचा मुलगा मशुल्लाम हा त्या वसाहतींतला एक पैसेवाला माणूस. बर्लिनच्या कागदांत, इ. स. पूर्व 456 मध्यें, तो यहोहन नांवाच्या बाईला चार शेकेल चांदी कर्जाऊ देतो. व्याज दर शेकेलीं दरमहा दोन हल्लूर. चाळीस हल्लूरांचा एक शेकेल, म्हणजे वर्षाला शेंकडा साठ! व्याज थकल्यास घर, दासदासी, धान्य, जें हातीं लागेल तें जप्त करण्याचा हक्कही त्यानें लिहून घेतला आहे. कैरोच्या 446 च्या कागदांत त्याच्याकडून दुसऱ्याकडे गेलेल्या एका घराचा उल्लेख येतो. ब्रुकलिनचे कागद मात्र निराळीच हकीकत सांगतात. मशुल्लामची तमुत नांवाची एक मिसरी दासी होती. तिच्या उजव्या हातावर ती मशुल्लामची असल्याची खूण होती. 449 मध्यें यहुदी देवळांतील सेवक अनन्या यानें तिच्याशीं लग्न केलें. पण लग्न झालें तरी ती दासीच राहिली. बावीस वर्षांनीं, 427 मध्यें, मशुल्लामनें तिला व तिच्या मुलीला मुक्त केलें. तेंही आपल्या मृत्यूनंतरच्या काळासाठीं, आणि लेकरें बापाची सेवा करतात तशी सेवा करण्याच्या अटीवर.

केवळ बर्लिनचा कागद वाचणारास हा माणूस निव्वळ व्याजखोर वाटेल, केवळ ब्रुकलिनचा वाचणारास उदार धनी. खरा माणूस पाहावयाचा तर तिन्ही शहरांतले कागद एका बैठकीवर मांडले पाहिजेत. पोर्टेन आणि यार्देनी या विद्वानांनीं 1986 ते 1999 पर्यंत चार थोर खंड काढून ही मांडणी केली. पण असे ग्रंथ हिंदुस्थानांतल्या किती ग्रंथालयांत मिळणार?

ही अडचण इंटरनेटनें पुष्कळशी दूर केली आहे. अमेरिकेंतील सिनसिनाटी येथील हिब्रू युनियन कॉलेजच्या आश्रयानें समग्र अरामी कोशाचें काम 1980 नंतरच्या दशकांत सुरू झालें. इ. स. पूर्व नवव्या शतकापासून इसवी सनाच्या तेराव्या शतकापर्यंतचे अरामी लेख त्याच्या कक्षेंत येतात, आणि तो कोणासही विनामूल्य पाहतां येतो. लेखांतील शब्दावर बोट ठेवलें कीं त्याचें व्याकरण व अर्थ पुढें येतो, आणि तोच धातु इतरत्र कोठें आला तेंही शोधतां येतें. तमुतच्या मुक्तिपत्रांतील क्रियापद ‘शबक’ हें आहे. बायबलच्या नव्या करारांत क्रुसावरच्या येशूच्या तोंडीं जो अरामी उद्गार आहे, त्यांतही हाच धातु. तेथें अर्थ मात्र ‘टाकून दिलें’ असा. मराठी माणसास यांत नवल वाटूं नये. कैद्याला सोडलें आणि बायकोला सोडलें, यांत ‘सोडणें’ एकच. कोणत्या ठिकाणीं कोणता अर्थ, हें शेजारचे प्रयोग पाहिल्यानेंच ठरतें, आणि ते शेजारीं आणून ठेवणें हेंच कोशाचें काम.

तथापि यंत्राच्या उत्तरावर डोळे मिटून विसंबणें धोक्याचें. अरामी लिपींत स्वर बहुधा लिहिले जात नाहींत. ‘द’ आणि ‘र’ यांचीं अक्षरें तर पुष्कळदां ओळखूं येऊं नयेत इतकीं सारखीं. मोडी वाचणारांस हा त्रास परिचित आहे. शिवाय फाटलेल्या जागीं संपादकानें कंसांत भरलेला शब्द शोधाच्या यादींत अस्सल शब्दाच्या रांगेंत येऊन बसतो. म्हणून चित्र पाहणें आवश्यक. ब्रुकलिनच्या संग्रहालयानें आपल्या पपायरसांचीं छायाचित्रें खुलीं ठेविलीं आहेत. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठांतून निघालेल्या ‘इन्स्क्रिप्टिफॅक्ट’ या चित्रसंग्रहांतील कांहीं लेखांवर तर पाहणारास पडद्यावरच प्रकाशाची दिशा बदलतां येते, आणि पुसट ओरखडा अक्षर आहे कीं भेग, हें कळूं लागतें.

बर्लिनला 2015 सालीं आरंभलेल्या प्रकल्पानें एलिफंटाईनचे, साठांहून अधिक संस्थांत विखुरलेले, नानाविध भाषांतले लेख एकत्र नोंदविण्याचें काम हातीं घेतलें. तेथें कांहीं घड्या इतक्या ठिसूळ आहेत कीं उलगडल्यास चुरा होईल. त्या न उलगडतां क्ष-किरणांनीं आंतील अक्षरें पाहण्याचे प्रयोग त्याच प्रकल्पांत झाले. शाईंत धातूचा अंश असल्यास अक्षर चांगलें उमटतें. नुसत्या काजळीच्या शाईपुढें मात्र ही युक्ति फारशी चालत नाहीं.