बीएस्सी केमिस्ट्री, पण ओढ बायोकेमिस्ट्रीची: गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारावीचा निकाल मे महिन्यात लागतो आणि नीटचा जूनमध्ये. या दोन निकालांच्या मधल्या दिवसांत धाराशिव, तुळजापूर, कळंब, उमरग्याच्या घरांमध्ये पुढच्या शिक्षणाची बोलणी होतात. त्यांत बीएस्सीचं नाव सगळ्यात शेवटी निघतं, आणि तेही पडेल आवाजात. आधी एमबीबीएस, मग बीएएमएस, मग फार्मसी, नर्सिंग, ॲग्री. काहीच जमलं नाही तर 'घेऊन टाक बीएस्सी'. त्यातूनही एखादी मुलगी म्हणाली की मला केमिस्ट्रीच करायची आहे आणि पुढे बायोकेमिस्ट्रीकडे जायचं आहे, तर मामा एक सांगतात, शेजारचे काका दुसरं आणि क्लासचे सर तिसरंच. त्यातलं बरंचसं चुकीचं असतं, आणि त्या चुकीच्या माहितीवर तीन-चार वर्षांचा निर्णय घेतला जातो.

'नीट हुकली की घ्यायची ही पदवी'

हा समज सगळ्यात जास्त नुकसान करतो, कारण तो मुलांच्या मनात बसतो. लातूर शेजारीच असल्यामुळे आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं अकरावीलाच तिकडे खोली करून राहतात. दोन वर्षं, कधी रिपीटर बॅचचं आणखी एक वर्ष, आणि एवढं करून जागा मिळाली नाही की सगळं वाया गेलं असं घर धरून चालतं.

प्रत्यक्षात काय वाया जातं? नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० जीवशास्त्राचे आणि ४५ रसायनशास्त्राचे. कर्बोदकं, प्रथिनं, न्यूक्लिक आम्लं यांचा 'जैवरेणू' हा धडा तर बारावीपर्यंत दोन्ही विषयांत येतो. पेशी आणि रासायनिक बंध या दोन्हींची इतकी कसून तयारी केलेला विद्यार्थी बायोकेमिस्ट्रीसाठी आधीच निम्मी वाट चालून आलेला असतो. त्याला 'उरलेला' म्हणणं हा त्याच्या कष्टांवरचा अन्याय आहे.

'बायोकेमिस्ट्री म्हणजे बायोलॉजीच की'

बायोकेमिस्ट कमला सोहोनी यांचं शिक्षण पाहिलं की हा समज टिकत नाही. माहेरच्या त्या भागवत, लेखिका दुर्गा भागवतांच्या सख्ख्या भगिनी. १९३३ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची बीएस्सी घेतली ती रसायनशास्त्र हा मुख्य विषय घेऊन. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत अर्ज केला तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला, आणि तिथे श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दुधातल्या आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. पुढे केंब्रिजला गेल्या. बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींतही सायटोक्रोम सी हा घटक असतो हे त्यांनी दाखवून दिलं आणि १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. प्रबंध अवघ्या चाळीसेक पानांचा होता.

भारतात परतल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत बायोकेमिस्ट्रीच्या प्राध्यापक म्हणून त्यांनी डाळी, कडधान्यं आणि नीरा यांच्यावर वर्षानुवर्षं संशोधन केलं. गरिबाच्या ताटात काय पडतं आणि त्यातून अंगाला काय लागतं, हा त्यांच्या कामाचा गाभा होता. या सगळ्याची सुरुवात रसायनशास्त्राच्या साध्या बीएस्सीतून झाली होती. मराठवाड्यातल्या प्रत्येक केमिस्ट्री विभागाच्या भिंतीवर त्यांचा फोटो असावा असं मला मनापासून वाटतं.

जगाचा अनुभवही हाच. जिवंत पेशीशिवाय, नुसत्या यीस्टच्या अर्कानं साखरेचं किण्वन होतं हे दाखवणाऱ्या एडुआर्ड बुखनर यांना १९०७ चं नोबेल मिळालं ते रसायनशास्त्राचं. युरिएज हे विकर (एन्झाइम) १९२६ साली स्फटिकरूपात मिळवणारे जेम्स समनर, इन्सुलिनची रचना उलगडणारे फ्रेडरिक सँगर, रायबोसोमवर काम करणारे व्यंकटरमण रामकृष्णन, या सगळ्यांचं नोबेलही रसायनशास्त्राचंच. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल पुन्हा प्रथिनांच्या रचनेवरच्या कामाला गेलं.

'त्यात नुसतं पाठांतर असतं'

वीस अमिनो आम्लं पाठ करावी लागतात, हे खरं. त्यातून सुटका नाही. पण त्यापुढे पाठांतरावर भिस्त ठेवणारा विद्यार्थी दुसऱ्याच सत्रात अडकतो.

रक्ताचंच उदाहरण घेऊ. निरोगी माणसाच्या रक्ताचा पीएच ७.४ च्या आसपास असतो. तो ७.४ का, हे प्रथम वर्षाच्या बफरच्या गणितातून निघतं. रक्तात बायकार्बोनेट लिटरला सुमारे २४ मिलिमोल आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे १.२ मिलिमोल. दोन्हींचं गुणोत्तर २०. वीसचा लॉग १.३. या जोडीचा पीकेए ६.१. बेरीज केली की ७.४. आता मधुमेहाच्या रुग्णाच्या रक्तात कीटोन आम्लं साठू लागली तर बायकार्बोनेट खर्ची पडतं, गुणोत्तर घसरतं आणि पीएच खाली येतो. अशा वेळी रुग्ण खोल, जोराचे श्वास घेऊ लागतो. कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकून शरीर ते गुणोत्तर सावरू पाहत असतं. हेंडरसन-हॅसलबाल्खचं समीकरण ज्यानं नुसतं घोकलं त्याला हा श्वास कळणार नाही. ज्यानं सोडवलं त्याला ते पुन्हा कधी घोकावं लागणार नाही.

ग्लायकोलिसिसच्या दहा पायऱ्यांची मुलांना धास्ती असते. त्यातल्या चौथ्या पायरीवर सहा कार्बनचा रेणू तुटून तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. कार्बनी रसायनात शिकलेल्या अल्डॉल अभिक्रियेची ती उलटी चाल आहे. असं ओळखत गेलं की दहा नावांची यादी उरत नाही; ओळखीच्या अभिक्रियांची साखळी दिसू लागते. विकरांच्या वेगाचं मायकेलिस-मेंटेन समीकरण १९१३ चं आहे आणि ते समजायला भौतिक रसायनातली गतिकी पुरते. रसायनशास्त्र पक्कं असलेला विद्यार्थी इथे मागे पडत नाही, उलट पुढे असतो.

'आपल्या भागात त्याचा काय उपयोग?'

या प्रश्नाचं उत्तर धाराशिव जिल्ह्याच्या शेतात, गोठ्यात आणि कारखान्यात आहे.

ढोकीचा तेरणा कारखाना, कळंब तालुक्यातल्या रांजणीचा नॅचरल शुगर ही नावं इथल्या प्रत्येक ऊस उत्पादकाला माहीत आहेत. तोडलेला ऊस फडात किंवा कारखान्याच्या आवारात पडून राहिला की वजन घटतं, हे शेतकऱ्याला दिसतं. साखरेचा उताराही घटतो; तो का, ते बायोकेमिस्ट्री सांगते. तोडणीनंतर उसातलंच इन्व्हर्टेज हे विकर सुक्रोज फोडून त्याचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज करतं. ही फुटलेली साखर दाणेदार साखर म्हणून हाती येत नाही, शिवाय उरलेल्या सुक्रोजचे दाणे बनण्यातही अडथळा आणते. कापलेल्या टोकांतून शिरलेले जिवाणू आणखी नासाडी करतात. कारखान्याच्या लॅबमध्ये 'पोल', म्हणजे रसातल्या सुक्रोजचं प्रमाण, काढतात ते पोलॅरिमीटरवर. सुक्रोजचं विशिष्ट वलन उजवीकडे ६६.५ अंश, ते फुटून झालेलं मिश्रण प्रकाश डावीकडे वळवतं, कारण त्यातल्या फ्रुक्टोजचं डावं वलन ग्लुकोजच्या उजव्या वलनापेक्षा जास्त असतं. प्रकाशीय समघटकता हा धडा वर्गात कंटाळवाणा वाटत असेल, तर एखाद्या गळीत हंगामात कारखान्याची लॅब पाहून यावी. मळीपासून इथेनॉल हा यीस्टच्या विकरांचा खेळ आहे, आणि डिस्टिलरीला तो समजणारी माणसं लागतात. पुण्याजवळच्या मांजरीतल्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर आणि अल्कोहोल तंत्रज्ञानाचे पदवीनंतरचे अभ्यासक्रम आहेत; ही वाट आपल्या मुलांना फार कमी वेळा सांगितली जाते.

सोयाबीन हे इथलं खरिपाचं मुख्य पीक. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन भरपूर असूनही जनावराला किंवा माणसाला ते नीट पचत नाही, कारण त्यात ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणारं एक प्रथिन असतं. उष्णता दिली की ते निकामी होतं. पेंड पुरेशी भाजली गेली की नाही हे तपासायची पद्धत सुरेख आहे. पेंडीचा नमुना युरियाच्या द्रावणात ठेवायचा आणि पीएच किती चढतो ते बघायचं. सोयाबीनमधलं युरिएज शाबूत असेल तर अमोनिया सुटून पीएच वाढतो. युरिएज आणि तो अडथळा करणारा घटक साधारण सारख्याच उष्णतेला निकामी होतात, म्हणून एकाच्या मोजमापावरून दुसऱ्याचा अंदाज येतो. समनर यांनी स्फटिकरूपात मिळवलेलं विकर हेच, फक्त त्यांनी ते अबईसारख्या दुसऱ्या शेंगेच्या बियांतून काढलं होतं. आणि डाळी-कडधान्यांतल्या ट्रिप्सिनरोधकांवर कमला सोहोनींनीही काम केलं होतं.

भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे. त्या खव्याचा रंग आणि वास दुधातली लॅक्टोज साखर आणि प्रथिनं यांच्यात आच लागल्यावर होणाऱ्या अभिक्रियेतून येतो. त्याच्या भेसळीची तपासणी, टिकाऊपणा, साठवण हे सगळं पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी हाताशी असलेलं काम आहे.

'पदवी कुठलीही असो, नोकरीला सगळं सारखंच'

इथे मात्र सावध राहायला हवं. अन्न सुरक्षा व मानके नियम, २०११ मध्ये अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी अशा विषयांची पदवी चालते. रसायनशास्त्राची मात्र पदव्युत्तर पदवी मागितली आहे. म्हणजे बायोकेमिस्ट्रीत बीएस्सी झालेली मुलगी जिथे अर्ज करू शकते, तिथे केमिस्ट्रीत बीएस्सी झालेल्या तिच्या मैत्रिणीला एमएस्सीपर्यंत थांबावं लागतं, मग दोघींनी वर्गात कितीही सारखं शिकलेलं असो. शेवटच्या वर्षाला बायोकेमिस्ट्रीचा पेपर घेतला म्हणून पदवी बायोकेमिस्ट्रीची होत नाही. दुसरीकडे औषधनिर्मितीच्या नियमांत रसायनशास्त्र हा मुख्य विषय असलेल्या विज्ञान पदवीधराला, औषधनिर्मितीच्या तीन वर्षांच्या अनुभवानंतर, तांत्रिक देखरेखीसाठी पात्र मानलं आहे. एका दारात एक नाव उपयोगी पडतं, दुसऱ्या दारात दुसरं. जाहिरातीतली पात्रतेची ओळ मूळ नियमाशी ताडून वाचायची सवय पहिल्या वर्षापासूनच लावून घ्यावी.

पुढच्या शिक्षणात मात्र केमिस्ट्रीवाल्यांना चांगली मोकळीक आहे. गेट परीक्षेच्या 'लाइफ सायन्सेस' पेपरात रसायनशास्त्राचा भाग सगळ्यांना सक्तीचा आहे. बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी, वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, अन्नतंत्रज्ञान यांतले दोन निवडायचे असतात. एमएस्सी प्रवेशाच्या जॅम परीक्षेतही केमिस्ट्री आणि बायोटेक्नॉलॉजी असे दोन्ही पेपर आहेत.

'पदवी झाली की लॅब टाकता येते, मेडिकल चालवता येतं'

नाही. मेडिकल दुकानासाठी फार्मसीचं शिक्षण आणि नोंदणीच लागते. पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम करायचं तर त्याचा वेगळा अभ्यासक्रम आहे, आणि अहवालावर सही करण्याचा अधिकार पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर पात्रतेच्या नोंदणीकृत डॉक्टरांचा, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये स्पष्ट केलं. बीएस्सीच्या जोरावर यातलं काहीही मिळेल असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

'धाराशिवात राहून काही होत नाही'

शहराबाहेर जाणं ज्यांना परवडतं त्यांनी जावं. पण ज्यांना परवडत नाही, विशेषतः ज्या मुलींना घरून रोज एसटीनं जाऊन-येऊनच शिकायचं आहे, त्यांना हे वाक्य ऐकवणं क्रूरपणाचं आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवातच आहे आणि तिथे रसायनशास्त्र व जैवतंत्रज्ञान हे दोन्ही विभाग आहेत. म्हणजे एमएस्सीही जिल्ह्यात राहून करता येते. स्वयम आणि एनपीटेल या ऑनलाइन मंचांवर आयआयटीच्या प्राध्यापकांची बायोकेमिस्ट्रीची व्याख्यानं फुकट पाहता येतात. देशाच्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन शिष्यवृत्ती देतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेसारख्या ठिकाणी काम पाहण्याची ती संधी असते. तिचा अर्ज आदल्या हिवाळ्यातच करावा लागतो, आणि आपल्याकडची बरीच मुलं चुकतात ती इथेच.

कॉलेज निवडताना नावापेक्षा लॅबकडे बघावं. नव्या शैक्षणिक धोरणात केमिस्ट्री मेजर घेतल्यावर सूक्ष्मजीवशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा प्राणिशास्त्र मायनर म्हणून घेता येतं का, हे प्रवेश अर्ज भरण्याआधी विचारा. बारावीला गणित किंवा जीवशास्त्र नसेल तर कोणते गट मिळतील, हे माहितीपत्रकातच पाहा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. सेंट्रिफ्यूज आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर कपाटात आहेत की टेबलावर, प्रॅक्टिकलच्या एका बॅचमध्ये किती जण असतात, लाळेतल्या अमायलेजचा स्टार्च आणि आयोडिनवरचा साधा प्रयोग प्रत्येकाला स्वतःच्या हातानं करायला मिळतो का, हे सगळं विचारायला संकोचू नका. आणि शेवटच्या वर्षाचा प्रकल्प मुलं खरंच करतात का, हे तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाच गाठून विचारा. ते खरं सांगतील.